कंसातला तोटा : नव्या सीए ऑफिसचे आठ महिने

गेल्या जुलैत मी सीए बदलला. वीस वर्षांचा जुना कन्सल्टंट सोडला म्हणून घरात बोलणी खाल्ली, आईनं तर दोन दिवस अबोला धरला. आता मार्च चालू आहे, म्हणजे आठ महिने झाले. मला दिसत नाही. सोलापूरच्या चाटी गल्लीत आमचं टॉवेल-चादरीचं होलसेल आहे. "तुझं नवीन ऑफिस कसं आहे, आम्हाला जमेल का?" असं ओळखीतले बरेच अपंग व्यापारी विचारतात, त्यांच्यासाठी हे एकदाच लिहून ठेवतो. ऑफिसचं नाव देत नाही. सीए लोकांना जाहिरातीचे नियम कडक असतात, माझ्या कौतुकापायी त्यांना भुर्दंड नको. आणि सगळं कौतुकच आहे असंही नाही.

मागचं थोडक्यात सांगतो. रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे डोळ्यातला पडदा हळूहळू निकामी होण्याचा आजार. कॉलेजात असताना रात्रीचं दिसेनासं झालं, चाळिशी आली तोवर सगळंच गेलं. मालाचं मला काही अडत नाही. टॉवेल हातात घेतला की वजन सांगतो, चादरीवरून बोट फिरवलं की जकार्डची वीण कळते. अडायचं ते कागदांचं. जुना कन्सल्टंट सगळे कागद स्कॅन करून पाठवायचा. स्कॅन म्हणजे फोटो, त्यातलं अक्षर माझ्या फोनला अक्षर म्हणून दिसतच नाही. फोटोतला मजकूर ओळखणारी ॲप आहेत, पण बॅलन्स शीटच्या रकान्यांची ती खिचडी करतात. मग पुतण्या वाचून दाखवायचा. पोरगं गुणी आहे, पण पोटात काही राहत नाही. एका वर्षी दिवाळीआधी वहिनीनं नवीन फ्रीजचा विषय काढला, तेव्हा मला कळलं की यंदा नफा बरा झालाय.

नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी सीए मॅडमनी विचारलं, "कागद तुम्हाला कसे पाठवू?" हा प्रश्न वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला. मी सांगितलं, लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, फोनवर टॉकबॅक आहे, दोन्ही पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात, टाइप केलेलं काहीही द्या, ऐकून घेतो. त्यांनी दोन्ही नावं कधी ऐकली नव्हती. एनव्हीडीए फुकट मिळतं म्हटल्यावर आर्टिकलच्या, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात काम शिकणाऱ्या, एका पोराला तिथंच डाउनलोड करायला लावलं आणि माझ्यासाठी तयार केलेलं मराठी करारपत्र उघडलं. त्यातून जे काही बाहेर पडलं, ती ना मराठी होती ना इंग्रजी ना आमच्या सोलापूरची तेलुगू-कानडी. ऑफिसभर हशा पिकला. पत्र श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होतं. पडद्यावर सुरेख मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरंच दडलेली असतात आणि वाचणारं सॉफ्टवेअर ती आतली अक्षरं वाचतं. त्यांचे सगळे मराठी नमुने त्याच फॉन्टात होते. माझ्या कामाचे त्यांनी महिनाभरात युनिकोडमध्ये करून घेतले, म्हणजे आतली अक्षरंही मराठीच. बाकीचे अजून तसेच आहेत. मध्येच एखादं पत्र चुकून जुन्या फॉन्टात येतं, मग मी फोन करून तेच जसंच्या तसं त्यांना वाचून दाखवतो. दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन येतं.

आता कंसाची गोष्ट, कारण ती कुठल्याच ऑफिसला आपणहून सुचणार नाही. सप्टेंबरात रिटर्नची गडबड चालली होती. मुदत १५ तारखेची होती, ती एका दिवसानं वाढून १६ झाली, तुम्हालाही आठवत असेल. मॅडमनी एक्सेल पाठवली, दुकानाचा रकाना वेगळा आणि हैदराबादला जाणाऱ्या मालाचा वेगळा. मी रात्री निवांत ऐकली. हैदराबादच्या खाली आकडा ऐकू आला, शहाऐंशी हजार चारशे. खूश झालो. सकाळी मॅडमना फोन केला, "हैदराबादला अजून माल टाकू म्हणतो." पलीकडे शांतता. मग हळूच, "अहो, तो तोटा आहे."

हिशेबवाले तोटा कंसात लिहितात. एनव्हीडीए जसं घेतो तसं वापरलं तर ते कंस बोलत नाही, नुसता आकडा वाचतं. वर त्या पोरानं आकडा लाल केला होता म्हणे. केला असेल! कंस बोलायची सोय त्यात आहे, पण ती वाढवली की इतर चिन्हंही कानावर आदळायला लागतात आणि आकडा बाजूलाच राहतो. आम्ही साधा उपाय काढला. आकड्याशेजारच्या चौकटीत 'तोटा' किंवा 'नफा' असा शब्दच लिहायचा. पुढच्या महिन्यापासून त्यांनी ते सगळ्याच गिऱ्हाइकांना सुरू केलं. डोळसांनाही कंस कळत नव्हते, फक्त विचारायची लाज वाटायची, असं मॅडमच म्हणाल्या.

एकत्र केलेल्या चौकटींचंही तसंच. शीर्षक शोभावं म्हणून चार चौकटी जोडतात आणि मग कुठला आकडा कुठल्या रकान्याचा, याचा माग लागत नाही. हे त्यांनी लगेच बंद केलं.

सहीचं सांगतो. "इथे सही करा" हे वाक्य मी आयुष्यात हजारदा ऐकलंय. इथे म्हणजे कुठे? कुणीतरी मनगट धरून पेन टेकवतं, मग मी शाळेतल्या पोरासारखी सही करतो, ती निम्मी रेषेखाली जाते आणि बँक परत पाठवते. या ऑफिसातल्या एका आर्टिकल मुलीनं जाड लग्नपत्रिकेचा तुकडा घेतला आणि ब्लेडनं त्यात माझ्या सहीएवढी खिडकी कापली. खालच्या डाव्या कोपऱ्यात स्टेपलरची एक पिन मारली, म्हणजे तुकडा उलटा धरला तर बोटाला कळावं. तो कागदावर नेमका ठेवून दिला की खिडकीच्या आत माझी मी सही करतो. तो तुकडा आता माझ्या शर्टाच्या खिशात असतो. खर्च शून्य, कारण पत्रिका त्यांच्याच कुठल्याशा क्लायंटच्या घरच्या लग्नाची होती.

सही करण्याआधी कागद ईमेलनं येतो, मी तो ऐकतो, मगच ऑफिसात जातो. पूर्वी ऑफिसात गेल्यावर "काही नाही, नेहमीचंच आहे" एवढं ऐकून सही व्हायची.

त्या 'नेहमीच्या'त काय काय होतं ते आता कळतंय. आयकराच्या कलम ८०-यूनुसार अपंग करदात्याला उत्पन्नातून ७५,००० रुपये वजा मिळतात आणि अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. खर्चाची पावतीसुद्धा लागत नाही, अपंगत्वाचं प्रमाणपत्र पुरतं. जुन्या कन्सल्टंटनं हे एकदाही घेतलं नव्हतं. मला दिसत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर रस्ता ओलांडताना हात तोच धरायचा. व्यवसाय कराचंही तेच. कायम अपंगत्व असणाऱ्याला आपल्या राज्यात तो माफ आहे, आणि मी वर्षाला २,५०० इमानेइतबारे भरत होतो.

तुम्ही लगेच उड्या मारू नका. ८०-यू फक्त जुन्या कररचनेत आहे. नव्या रचनेत ती वजावट नाही, आणि व्यवसायवाल्यांना जुनीत राहायचं तर मुदतीआधी १०-आयईए हा वेगळा फॉर्म भरावा लागतो. मॅडमनी दोन्ही हिशेब करून पाठवले, शब्दांत. यंदा मला नवी रचनाच स्वस्त पडली, म्हणजे वजावटीचा उपयोग नाही. पण तो निर्णय मी घेतला, दोन्ही आकडे ऐकून.

आता तक्रारी. जीएसटीचे दर बदलले तेव्हा ऑफिसनं सगळ्या क्लायंटना व्हॉट्सॲपवर रंगीत पोस्टर टाकलं. माझ्या फोननं सांगितलं, "फोटो." बस, एवढंच. हजाराच्या वरच्या चादरीला १२ टक्के लागायचे, ते २२ सप्टेंबरपासून अडीच हजारांपर्यंत ५ झाले, म्हणजे माझ्या धंद्याची बातमी. ती मला शेजारच्या दुकानदाराकडून कळली. चिडून फोन केला. तेव्हापासून पोस्टरखाली तोच मजकूर टाइप केलेला येतो. दोनदा विसरले.

मोठी तक्रार जिन्याची, आणि ती माझी नाही, मित्राची आहे. त्याला लहानपणी पोलिओ झाला. अशोक चौकात राहतो, बाजूला चाकं लावलेली स्कूटर चालवतो. माझं ऐकून तोही या ऑफिसला गेला आणि खालूनच फोन केला, "काय बे, तुझ्या सीएला वाटतं का आमच्यासारखे टॅक्सच भरत नाहीत?" लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला पाच पायऱ्या आहेत. ऑफिसवाल्यांनी एक प्लायवुडची फळी आणून टाकली. त्यावरून चढणं म्हणजे सर्कस. उताराचं माप एकास बारा असतं. पाच पायऱ्यांची उंची धरा ७५ सेंटिमीटर, म्हणजे ९ मीटर लांब उतार हवा. तिथं घरमालकाच्या गाड्या लागतात आणि तो जागा सोडायला तयार नाही. मग ऑफिसनं सुचवलं, खालच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून कागद बघू. मित्र म्हणाला, "भर पेठेत माईक लावून माझं उत्पन्न सांगा की, त्यापेक्षा बरं."

त्यानंच मॅडमना २०१६चा अपंग हक्क कायदा ऐकवला. त्याच्या कलम ४६नुसार सेवा देणाऱ्यानं, मग तो सरकारी असो की खासगी, नियम निघाल्यापासून दोन वर्षांत आपली सेवा अपंगांना वापरता येईल अशी करायची आहे. नियम २०१७मध्ये निघाले. मॅडमना हे माहीत नव्हतं, तसं त्या सरळ म्हणाल्याही. आता शनिवारी त्या स्वतः त्याच्या घरी जातात, जादा फी घेत नाहीत. तरी तो कुरकुरतोच. त्याचं म्हणणं, घरी बोलवायला मी आजारी आहे का, मला सगळ्यांसारखं ऑफिसात बसून चहा प्यायचाय. मला पटतं. घरमालकाशी अजून बोलणी चालू आहेत, मी फार आशा धरलेली नाही.

लिफ्टची बटणंही सपाट आहेत, बोटाला काही लागत नाही आणि मजला बोलत नाही. वॉचमननं पहिल्या मजल्याच्या बटणावर कपाळाची टिकली चिकटवली आहे. ती महिन्याला एकदा पडते.

तर घ्यावं का हे ऑफिस? दृष्टीची अडचण असेल तर डोळे झाकून घ्या. चाकाच्या खुर्चीवर असाल तर आधी फोन करून पायऱ्यांचं काय झालं ते विचारा.

गेल्या आठवड्यात आगाऊ कराचा निरोप आला, १५ मार्चच्या आत भरायचा होता. टाइप केलेला, आकडा सगळ्यात आधी, शब्दांत. दुकान बंद करून कानात हेडफोन घातला, दोनदा ऐकला आणि भरून टाकला. पुतण्याला हाक मारली नाही. परवा जेवताना वहिनीनं सहज विचारलं, "काय भाऊजी, यंदा धंदा कसा काय?" मी शेंगाचटणी मागितली आणि म्हटलं, "बघू, कागद कुठे आलेत अजून."