रोख भरायची, जामीनदार आणायचा की जातमुचलका मागायचा?

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस घरी आला, असं होत नाही. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाच्या दाराशी ताटकळणाऱ्या घरच्यांना हे पहिल्याच दिवशी कळतं. आदेशात लिहिलेलं असतं, ‘पंधरा हजारांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा जामीनदार’. खरी धावपळ तिथून सुरू होते. जातमुचलका म्हणजे कोर्टात हजर राहण्याची आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी, जामीनदार म्हणजे त्याच्यासाठी तशीच हमी देणारा दुसरा माणूस.

जामीनदाराचा मार्ग बिनखर्चाचा वाटतो. पण त्याचं रेशनकार्ड, पगाराची स्लिप, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, वर पडताळणी. गोवंडीत भाड्याने राहून नाक्यावर काम शोधणाऱ्याच्या ओळखीत पगाराची स्लिप कोणाकडे असणार? भाऊ गावाकडे असेल तर त्यालाच उभा करा. दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात सांगितलं आहे. कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीनदार मिळवून देणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. कागद खोटे निघाले की माणूस पुन्हा आत.

रोख भरणं सगळ्यांत जलद. मुंबईतली कोर्टं बरेचदा रोखीवर सोडतात आणि जामीनदारासाठी काही आठवडे देतात. रक्कम खटला संपल्यावर परत मिळते, पावती जपा. घरात पैसे असतील तर मी हाच मार्ग सांगेन. त्यासाठी व्याजाने पैसे काढू नका.

दोन्ही जमत नसेल तर फक्त जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज करा. जामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळतो अशा गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर कायदा त्या माणसाला गरीबच मानतो आणि स्वतःच्या हमीवर सोडतो. गुन्हा अजामीनपात्र असेल तर निर्णय न्यायाधीशांचा. तरी महिनाभरात पूर्तता झाली नाही तर कोर्टाने अटी सैल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं आहे. कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो.

‘सोडला आणि पळाला तर?’ ही तक्रारदार बाईची भीती खरी आहे. पण पंधरा हजारांनी तिला संरक्षण मिळत नाही. पैसेवाला दमदाटी करणारा ते त्याच दिवशी भरतो. पोलीस ठाण्यातली हजेरी आणि तिच्या वस्तीत पाऊल न ठेवण्याची अट तिच्या उपयोगाची. जातमुचलक्याच्या अर्जातच या अटी आपणहून मान्य करा, न्यायाधीशांनाही निर्णय सोपा जातो.