ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी अनुदान: एकरकमी, हप्त्यांनी की स्टुडिओची सेवा?

शिक्षकांना ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करायला पैसे द्यायचे ठरले की विद्यापीठाच्या समितीपुढे तीन पर्याय येतात. मंजूर रक्कम एकदम प्रकल्प खात्यावर टाकायची, काम होईल तसे हप्ते द्यायचे, किंवा रोख न देता विद्यापीठाच्याच स्टुडिओतून चित्रीकरण आणि संपादन करून द्यायचे. निवड करण्याआधी पैसा नेमका कशावर खर्च होतो ते पाहायला हवे.

'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम न्यायचा तर चार भाग लागतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि स्वयंमूल्यमापन. १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम धरा, आठवड्याला दहा-दहा मिनिटांचे पाच व्हिडिओ धरा. साठ व्हिडिओ झाले. दहा मिनिटांच्या मराठी व्हिडिओची संहिता हजार-अकराशे शब्दांची होते. म्हणजे एका चांगल्या जाड पुस्तकाएवढे लेखन कॅमेरा सुरू होण्याआधीच करायचे असते. खरा खर्च इथे आहे, शिक्षकाच्या वेळेचा. बहुतेक अनुदान योजनांत नेमके याच कामासाठी शीर्ष, म्हणजे खर्चाची वेगळी बाब, नसते.

एकरकमी अनुदान द्यायला सोपे. प्रशासनाला एकच मंजुरी, एकच धनादेश. पण उपकरण खरेदीचे शीर्ष सगळ्यात आधी संपते, कारण त्याचे बिल लगेच मिळते आणि ३१ मार्चच्या आत पैसे खर्च करून दाखवायचे असतात. लॅपटॉप आणि कॅमेरा येतो, कॉलर माइक राहून जातो, आणि पंख्याच्या घरघरीत पन्नास मिनिटांचे वर्गातले तास जसेच्या तसे ध्वनिचित्रित होतात. चित्र थोडे धूसर असले तरी विद्यार्थी पाहतो. आवाज खराब असेल तर दोन मिनिटांत बंद करतो. स्वाध्यायाचे प्रश्न शेवटच्या आठवड्यात घाईने बनतात. आधी एखादा अभ्यासक्रम चालवून दाखवलेल्या शिक्षकाला छोट्या दुरुस्तीसाठी पैसे द्यायचे असतील, तेवढ्यापुरता हा मार्ग ठीक आहे.

स्टुडिओची सेवा दिली की दर्जा एकसारखा राहतो. पुण्याच्या ईएमएमआरसीसारखे (शैक्षणिक व्हिडिओ तयार करणारे) केंद्र ज्या विद्यापीठात आहे, तिथे कॅमेरामन, संपादक, प्रकाशयोजना सगळे हाताशी असते. अडचण तारखांची. सगळे शिक्षक दिवाळीच्या आणि उन्हाळी सुट्टीतच मोकळे होतात, तेव्हा रांग लागते. शिवाय स्टुडिओ चित्रीकरण करून देतो, संहिता लिहून देत नाही. संहिता न घेता आलेला शिक्षक दिवसभरात दोन व्हिडिओंवर अडतो. घेऊन आलेला सहा-सात सहज करतो. त्यामुळे संहिता मंजूर झाल्याशिवाय तारीख द्यायची नाही, एवढा एक नियम केला तरी रांग बरीच कमी होते.

आमच्या मते बहुतेक विद्यापीठांनी हप्त्यांचा मार्ग धरावा आणि चित्रीकरणापुरती स्टुडिओची सेवा त्याला जोडावी. वाटणी अशी असावी: आराखडा आणि करारावर सही झाली की २० टक्के. एक आठवडा संपूर्ण तयार करून, म्हणजे व्हिडिओ, वाचन, चर्चेचा प्रश्न आणि चाचणी यांसह, पाच-सहा विद्यार्थ्यांकडून करून घेतला की ३० टक्के. बाकीचे आठवडे पूर्ण झाले की ३० टक्के. उरलेले २० टक्के अभ्यासक्रम एकदा चालवून, चुका दुरुस्त केल्यावर.

यातला दुसरा हप्ता सगळ्यात मोलाचा. विद्यार्थी कुठे अडखळतो हे त्या एका आठवड्यात कळते: सूचना संदिग्ध आहे, प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर ठरतात, मोबाइलवर समीकरण कापले जाते. हे बाराव्या आठवड्यानंतर कळले तर साठही व्हिडिओंत हात घालावा लागतो. हप्त्यांच्या पद्धतीत तोटा एकच, पण मोठा: तपासणी रेंगाळली तर शिक्षकाचा उत्साह मरतो. तपासणाऱ्याला पंधरा दिवसांची मुदत घाला आणि मुदत उलटली तर हप्ता आपोआप मोकळा होईल असे लिहून ठेवा.

कोणताही मार्ग घेतला तरी करारात तीन गोष्टी हव्यातच. कॉपीराइट कोणाचा आणि साहित्य कोणत्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने (इतरांना ते ठराविक अटींवर वापरू देणाऱ्या) खुले होणार. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांची परवानगी कोण घेणार. वर्गात दाखवलेले चालते म्हणून खुल्या संकेतस्थळावर चालेलच असे नाही. आणि मराठी उपशीर्षके (सबटायटल्स) कोण तपासणार, कारण यंत्राने केलेली उपशीर्षके पारिभाषिक शब्दांवर हमखास चुकतात आणि कर्णबधिर विद्यार्थ्याला तीच वाचून शिकायचे असते.

कार्यभारातली सूट पैशाइतकीच महत्त्वाची आहे. एका सत्रापुरते आठवड्याचे चार तास कमी करून त्या जागी तासिका तत्त्वावर शिक्षक नेमण्याचा खर्च अनुदानातच धरा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) २०१६ च्या नियमांत एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून घेता येत होते. २०२१ पासून ती मर्यादा ४० टक्के आहे. इतके श्रेयांक (क्रेडिट) या साहित्यावर अवलंबून राहू शकत असतील, तर तुटपुंजा निधी दहा जणांत वाटण्यापेक्षा चार अभ्यासक्रमांना पुरेसा द्या, आणि तिसऱ्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी दहावा हिस्सा आत्ताच बाजूला काढून ठेवा.