सोळा ग्लासांचं रूलेट: चक्र देखणं, खेळ बेताचा

गोव्यात कळंगुट-बागाच्या रस्त्यावर भेटवस्तूंची दुकानं पाहत चाललात, की एक डबा हमखास दिसतो. मधे लाल-काळं चक्र, भोवती कडीत बसवलेले सोळा छोटे ग्लास आणि सोबत दोन बारीक गोळ्या. हे दारूचं रूलेट ऑनलाइनही मिळतं आणि साधारण हजार ते दीड हजारात पडतं. थर्टीफर्स्टला, लग्नाआधीच्या मित्रमंडळींच्या पार्टीला, कार्निव्हालच्या दिवसांत भेट म्हणून खूप जण घेतात. टेबलावर मांडलं की लोक आपोआप भोवती जमतात, हा त्याचा खरा गुण. खेळ म्हणून मात्र ते बेताचं आहे, आणि फेणी हाताशी असलेल्या घरात विचार न करता मांडलं तर अर्ध्या तासात निम्मी पार्टी आडवी होते.

मोठ्यांच्या पार्टीतल्या खेळाला आम्ही एकच कसोटी लावतो: ग्लासात नुसतं कोकम सरबत असलं तरी मजा येते का? पत्ते या कसोटीला उतरतात, एकेक तुकडा ओढून काढायचा लाकडी मनोरा उतरतो, आकडे पुकारून खेळायची हाउझी तर उतरतेच. रूलेट डब्यातून निघतं तसं खेळलं तर उतरत नाही. चक्र फिरवायचं, गोळी सोडायची, येईल त्या आकड्याचा ग्लास उचलायचा. यात खेळणाऱ्याने ठरवायचं काहीच नाही, त्यामुळे सगळी रंगत दारूवरच उभी राहते. दोन नियम घातले की हाच खेळ बराच सुधारतो. ते पुढे येतीलच, आधी डब्याकडे पाहू.

दुकानदाराला डबा उघडायला सांगा. सर्वांत आधी चक्र फिरवा आणि नजर चक्राच्या पातळीला आणून त्याची कड पाहा. स्वस्त सेटमध्ये चक्र प्लास्टिकच्या खुंटीवर बसवलेलं असतं. ते फिरताना कड वर-खाली होत असेल तर गोळी पुन्हा पुन्हा एकाच बाजूला पडणार आणि त्या बाजूचे तीन-चार ग्लासच रिकामे होत राहणार. चक्र सरळ असूनही टेबल कललेलं असलं तरी हेच होतं. शॅकवरचं वाळूत रुतलेलं प्लास्टिकचं टेबल यासाठी अगदी निरुपयोगी. घरी मोबाइलमधल्या लेव्हलच्या ॲपने टेबल तपासा आणि लागेल त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवा.

मग आकडे जुळवा. चक्रावर शून्य ते छत्तीस असे सदतीस आकडे असतील तर ते सोळा ग्लासांत सारखे वाटता येत नाहीत. काही ग्लासांवर दोन आकडे येतात, काहींवर तीन. तीन आकडेवाला ग्लास दोनवाल्याच्या दीडपट वेळा येणार. त्यात काय ओतायचं ते यावरून ठरवायचं असतं, पण सेटसोबतच्या कागदावर याचा उल्लेख क्वचितच सापडतो. चक्रावरचा प्रत्येक आकडा कुठल्या तरी ग्लासावर आहे ना, हेही दुकानातच बघून घ्या. छपाईत घोळ असेल तर घरी गेल्यावर काही करता येत नाही.

गोळ्या हरवतातच. टेबलाखाली गेलेली गोळी कडाप्प्याच्या जमिनीवरून थेट सोफ्याखाली. सायकलच्या दुकानात मागच्या चाकाच्या हबमध्ये घालायचे पाव इंची छर्रे मिळतात, ते बहुतेक चक्रांना चालतात. आपली गोळी सोबत नेऊन माप जुळवा. ग्लास पातळ असतात आणि त्यांवरचे आकडे वरून छापलेले असतात. तारेच्या घासणीने घासले तर ते निघून जातात आणि सेट निकामी होतो. मऊ स्पंजने हातानेच धुवा. कडेचा टवका उडालेला ग्लास सरळ फेकून द्या, कारण अंधुक उजेडात घाईघाईने तोंडाला लावायची ही वस्तू आहे.

आता मापाचं. असा ग्लास काठोकाठ भरला तर साधारण २५ ते ३० मिलि मावतं. पाण्याने भरून औषधाच्या बाटलीच्या मापाच्या झाकणाने एकदा मोजून ठेवा. बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांच्या फेणीच्या ३० मिलिमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. सोळा ग्लास म्हणजे १६० ग्रॅम. सहा जण खेळत असतील तर सरासरी प्रत्येकी २६-२७ ग्रॅम, तेही वीस-पंचवीस मिनिटांत. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच जिरवतं. शिवाय सरासरी ही नुसती सरासरी: नशिबाचा खेळ असल्याने एखाद्याच्या वाट्याला पाच ग्लास येतात आणि शेजारचा एकावर सुटतो. प्यायलेलं चढायला वेळ लागतो, त्यामुळे पाच ग्लासवाला डाव संपेपर्यंत ठणठणीत वाटतो आणि दुसऱ्या डावाला बसतो. इथेच सगळं बिनसतं.

म्हणून पहिला नियम: रूलेटमध्ये निव्वळ फेणी कधीच नको. मार्च ते मेदरम्यान मिळणारा हुर्राक, म्हणजे काजूचीच सौम्य दारू, या खेळाला जास्त बरा. एकदाच गाळलेला असल्याने तो पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो. हंगाम नसेल तर एक भाग फेणी आणि दोन भाग लिंबू घातलेला सोडा, साधारण तीच ताकद येते. सहा जणांसाठी आम्ही सुचवतो तो हिशोब असा: सहा ग्लासांत २० मिलि हुर्राक, सहांत कोकम सरबत, दोनांत साधं पाणी आणि दोनांत लिंबू, मीठ आणि चिरलेल्या हिरव्या मिरचीचं झणझणीत पाणी. मिरची पाच मिनिटं भिजवून गाळून घ्या, नाहीतर बी घशात अडकतं. तीन आकडेवाले ग्लास कोकमाचे ठेवा. कोकम लाल दिसतं, पण हुर्राक आणि साधं पाणी लांबून सारखंच, आणि नीट गाळलेलं मिरचीचं पाणीही त्यांच्यात खपून जातं. ग्लास नाकाजवळ येईपर्यंत आपल्या नशिबात काय आहे ते कळत नाही, आणि सगळं टेबल ग्लास उचलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत असतं. खेळाला जीव येतो तो इथे. एका डावात सगळ्यांचा मिळून हुर्राक १२० मिलि जातो. तीन डाव झाले तरी माणशी सरासरी एका छोट्या बिअरपेक्षा कमीच.

दुसरा नियम पैजेचा. प्रत्येकाला दहा चिंचोके द्या. काजूच्या कच्च्या बिया घेऊ नका, टरफलातल्या तेलाने हात पोळतात. गोळी सोडण्याआधी ज्याची पाळी त्याने लाल की काळा ते सांगून एक ते तीन चिंचोके लावायचे. अंदाज बरोबर आला तर तेवढेच चिंचोके मिळतात आणि आलेला ग्लास कोणाला द्यायचा तेही तोच ठरवतो. चुकला तर चिंचोके जातात आणि ग्लास त्याचाच. शून्य आलं तर कोणी काही घ्यायचं नाही. रिकामा ग्लास आला तर पाळी पुढे जाते आणि ग्लास पुन्हा भरायचा नाही. हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. त्यामुळे डाव आपोआप मंदावतो आणि संपतो. भरत राहिलात तर खेळाला शेवटच उरत नाही. आणि ग्लास नको म्हणणाऱ्याला दोन चिंचोके देऊन सुटायची मुभा हवीच. आग्रह करून पाजणं हा कुठल्याच खेळाचा नियम नाही.

एवढं केलं तर रूलेटला पाचपैकी तीन देऊ. न करता जसंच्या तसं खेळायचं असेल तर दीडच्या वर जाणार नाही.

त्याच पैशात दुसरं काय येतं? लाकडी मनोरा, म्हणजे जेंगा आणि त्याच्या नकला. मूळ संचात ५४ तुकडे असतात, तीन-तीनचे अठरा थर. नकलांमध्ये ४८ किंवा ५१ही निघतात, मोजून घ्या. दारूच्या खेळासाठी काही जण सगळ्या तुकड्यांवर नियम लिहितात, ती चूक. मग लोक मनोऱ्याकडे बघायचं सोडून वाचतच बसतात. अठरा-वीस तुकड्यांवरच लिहा, तेही कायमच्या मार्करने, कारण साधी शाई घामट हातांनी पसरते. गोव्यातली खरी अडचण पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगतं, तुकडे एकमेकांत रुततात, मधला ओढला की अख्खा थर सोबत येतो. तुकडे उन्हात टाकू नका, वाकतात. रात्रभर पंख्याखाली सुटे पसरून ठेवा, सकाळी टाल्कम पावडर चोळून फडक्याने पुसा आणि डब्यात बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाका.

बिअर पाँगचा संच घेण्याआधी जागा बघा. दोन्ही बाजूंना दहा-दहा कप त्रिकोणात, मधे आठ फूट लांब टेबल आणि टेबल टेनिसचा ४० मिलिमीटरचा चेंडू. या चेंडूचं वजन जेमतेम २.७ ग्रॅम. समुद्रावरच्या वाऱ्यात तो कुठेही जातो, बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीतही संध्याकाळी वारा असेल तर नेम लागत नाही. खेळ आतल्या खोलीत मांडा. कपात बिअर ओतू नका. चेंडू जमिनीवरून, कोपऱ्यातून, कुत्र्याच्या तोंडातून फिरून त्याच कपात पडत असतो. कपात शंभर-सव्वाशे मिलि पाणी घाला, म्हणजे कप जागचा हलत नाही, आणि प्यायचं ते वेगळ्या ग्लासातून. ६५० मिलिची एक बाटली एका जोडीला एका डावासाठी भरपूर. वापरून फेकायचे पातळ प्लास्टिकचे कप २०२२च्या जुलैपासून बंद आहेत. धुवून वापरता येणारे जाड कप घ्या.

मनापासून शिफारस करायची तर साध्या पत्त्यांची. प्लास्टिकचे घ्या, कागदी कॅट दमट हवेत एका पावसाळ्यात चिकटते. परदेशी ‘किंग्स कप’मध्ये प्रत्येक पानाला एक नियम असतो. नव्वावर यमक जुळवायचं, दश्शीवर एखाद्या प्रकारातली नावं सांगायची. हे मराठीत फार छान रंगतं. दश्शीला मासळीचा विषय द्या: बांगडा, इसवण, तारली, मोरी, लेपो, सुंगटं असं सुरू झालं की तिसऱ्या फेरीत भले भले अडखळतात. मात्र एक्क्याचा ‘धबधबा’, म्हणजे शेजारचा थांबेपर्यंत पीत राहायचं, हा नियम काढून टाका. मधल्या ग्लासात सगळ्यांनी आपापली दारू ओतायचा प्रकारही नको. बिअर, फेणी आणि वाइनचं ते मिश्रण ज्याला प्यावं लागतं त्याची रात्र तिथेच संपते. चौथा राजा काढणाऱ्याने सगळ्यांचे ग्लास धुवायचे, एवढं पुरे.

चौघेच असाल तर मेंढीकोटाला तोड नाही. दोन जोड्या, चार दश्श्या. हरलेल्या जोडीने समोरच्यांनी नेलेल्या प्रत्येक दश्शीमागे एक घोट घ्यायचा. एका डावात चारच्या वर घोट जाऊच शकत नाहीत, आणि डाव खेळायला लक्ष लागत असल्याने जो जास्त पितो तो हरू लागतो आणि त्याचं त्यालाच कळतं. आम्ही याला पाचपैकी पाच देतो.

कुठलाही खेळ असो, आधी सगळ्यांचं पोटभर जेवण व्हायला हवं, चोरीस-पाव असो की वरण-भात. पाण्याचा तांब्या टेबलावर हवा आणि खेळायला बसणारा एकवीस पूर्ण झालेला हवा, गोव्यात वयाची कायदेशीर अट तीच आहे. बीचवर उघड्यावर पिण्याला मनाई आहे, दंड होतो, तेव्हा हे डबे वाळूत नेऊ नका. गाडी चालवणाऱ्याला फक्त कोकमाचे ग्लास. रक्तात १०० मिलिला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा एक-दोन पेगांतच ओलांडली जाऊ शकते आणि पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कोणी हाका मारूनही जागं होत नसेल तर त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि १०८ला फोन करा.

पंधराच्या वर माणसं जमणार असतील तर यातलं काहीच घेऊ नका, हाउझीच्या तिकिटांचं पुस्तक आणा. तिकिटावर तीन ओळी आणि पंधरा आकडे, पिशवीत नव्वद. आकडे पुकारणारा खणखणीत आवाजाचा आणि न पिणारा निवडा. पहिल्या पाच आकड्यांना, प्रत्येक ओळीला आणि फुल हाउसला बक्षीस ठेवा, आणि ज्याने खोटा पुकारा केला त्याला मिरचीच्या पाण्याचा ग्लास.