शुगरसाठी चालावं की वजनं उचलावीत?

टाइप २ मधुमेहाचं निदान नुकतंच झालेल्या एका मित्राने विचारलं, रोज अर्धा तास मिळतो, तर चालू की वजनं उचलू?

शुगर किती लवकर उतरते हे पाहिलं, तर चालणं सरस. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी फरक पडतो, कारण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. ग्लुकोमीटर असेल तर करून बघा: एक दिवस जेवून बसा, दुसऱ्या दिवशी तेच जेवून चाला आणि दोन तासांनी मोजा. उलट, जोर लावून वजनं उचलल्यावर शुगर थोडा वेळ चढलेलीही दिसते, घाबरू नका.

लांबचा विचार केला तर पारडं फिरतं. जेवणातली बरीचशी साखर स्नायूंतच साठते. वयानुसार स्नायू झडतात, तशी ती जागा कमी होते. चालण्याने स्नायू फारसे वाढत नाहीत, वजनांनी वाढतात.

सातत्याला चालणं सोपं, पण सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको; परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. वजनांना आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात, तेही सलग नकोत.

पोट सुटलंय, गुडघे धड आहेत, तर चालण्याने सुरुवात करा. अंगाने बारीक किंवा साठीपुढचे असाल, तर वजनं आधी. पायांना बधिरपणा असेल तर बसून करायचे व्यायाम बरे. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजन नको. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) चालू असेल, तर व्यायामाने शुगर फार खाली जाऊ शकते; दोन्हींत खिशात साखर ठेवा.