सिनेटची पदवीधर नोंदणी आणि विश्रामबागचं झेरॉक्स सेंटर : ५ पैकी ४ स्टार

सांगलीच्या विश्रामबागमध्ये कॉलेजच्या रस्त्याला एक छोटं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं सेंटर आहे, काका आणि त्यांची मुलगी दोघं मिळून चालवतात. मी आणि बायको, आम्ही दोघांनी सिनेटच्या, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेच्या, पदवीधर मतदार नोंदणीचे फॉर्म तिथं भरले त्याचा हा रिव्ह्यू. थोडा लांबेल, कारण नुसतं सेंटर चांगलं आहे असं लिहून भागणार नाही, हा फॉर्म कशाचा असतो हेच आपल्याकडं कितीतरी पदवीधरांना माहीत नसतं.

काउंटरवर गेलो आणि म्हटलं पदवीधरचा फॉर्म भरायचाय, तर काकांनी पहिला प्रश्न विचारला, "आमदारकीचा का सिनेटचा?" या एका प्रश्नासाठीच मी एक स्टार देईन. विधान परिषदेचा जो पुणे पदवीधर मतदारसंघ आहे, त्यात सांगली सातारा कोल्हापूर सोलापूर पुणे सगळं येतं, त्याचा नमुना १८ वेगळा आणि ती यादी निवडणूक आयोगाची. विद्यापीठाच्या सिनेटची यादी वेगळी, ती विद्यापीठ करतं. एका यादीत नाव आहे म्हणून दुसरीत असेलच असं नाही, आणि माझ्या आडतीवरचे निम्मे पदवीधर अजून याच समजुतीत आहेत की आपण एकदा फॉर्म भरलाय म्हणजे झालं.

गेल्या खेपेला माझंच काय झालं ते सांगतो. सिनेट लढवणाऱ्या एका पॅनेलचा कार्यकर्ता मार्केट यार्डात आला, म्हणाला दादा फक्त डिग्रीचा आणि आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपला टाका, बाकी सगळं आम्ही बघतो. मी टाकला. त्यानं गठ्ठ्यानं फॉर्म भरले, मोबाईल नंबर स्वतःचा टाकला, पत्ता काय टाकला देव जाणे. मतदानादिवशी हळदीचे सौदे सोडून मी केंद्रावर गेलो तर यादीत नाव नाही, शोधत शोधत ते निघालं जतच्या केंद्रावर! सांगलीतून जतला जाऊन मत देणं त्या दिवशी शक्यच नव्हतं. मेसेज आला असेल तर त्याच्या मोबाईलवर आला असेल, मला काय कळणार. घरी येऊन खरंच वाईट वाटलं, माझं मत माझ्याच डिग्रीवर दुसऱ्या कुणीतरी भरकटवलं होतं.

म्हणून यावेळी स्वतः जायचं ठरवलं. सेंटरमधल्या ताईंनी फॉर्म उघडल्या उघडल्या सांगितलं की मोबाईल तुमचाच द्या, ओटीपी तुम्हीच वाचून दाखवा, ईमेल नसेल तर आत्ता काढून देते पण आमचा टाकणार नाही. गर्दी होती तरी डिग्रीवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर अक्षर लावून बघितलं. माझ्या डिग्रीवर आडनाव आधी आहे आणि आधारवर शेवटी, ते त्यांनी डिग्रीप्रमाणं घेतलं. बायकोचं जास्त किचकट होतं कारण तिची डिग्री माहेरच्या नावाची आणि बाकी सगळे कागद सासरच्या नावाचे. आधी एका दुसऱ्या ठिकाणी तिला "मॅडम तुमचं होणार नाही" म्हणून परत पाठवलं होतं. इथं ताईंनी विवाह नोंदणीचा दाखला मागितला, तो जोडला, आणि नाव बदललेल्या बायकांनी हा कागद घरूनच आणावा असं एका कागदावर लिहून काचेला चिकटवलं, आमच्या समोर. अशा किती बायकांची नावं यादीत येतच नसतील, विचार करा.

आता या सगळ्याचा उपयोग काय, हे बायकोनं तिथंच विचारलं. आणि काकांनी, ते कधीतरी एका उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून मतमोजणीला बसलेले आहेत, खराब झालेल्या झेरॉक्सच्या मागच्या बाजूला पेनानं सगळं काढून दाखवलं. कागद मी घरी आणलाय.

आपलं शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं, कोल्हापूर सांगली सातारा असे तीन जिल्हे त्याच्याकडं. आधी सोलापूर पण होतं, त्यांचं २००४ ला वेगळं झालं. राज्यातली अशी सरकारी विद्यापीठं २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं चालतात. कुलगुरू एकटे सगळं ठरवतात असं आपल्याला वाटतं पण तसं नसतं. अधिसभा म्हणजे सिनेट, तिच्यापुढं वर्षाचं बजेट येतं, वार्षिक अहवाल येतो, ऑडिट झालेले हिशोब येतात, आणि सदस्याला प्रश्न विचारता येतो. रोजचा कारभार आणि पैशाचे निर्णय व्यवस्थापन परिषदेत, अभ्यासक्रम आणि परीक्षेचं शैक्षणिक अंग विद्यापरिषदेत, आणि विषयाच्या सिलॅबसचं काम अभ्यास मंडळात. सिनेटवर निवडून येणारे कोण, तर १० प्राचार्य, कॉलेजांचे १० प्राध्यापक, विद्यापीठाच्या विभागांतले ३ शिक्षक, ६ संस्थाचालक आणि १० नोंदणीकृत पदवीधर. बाकी बहुतेक पदसिद्ध आणि नेमलेले. पुढं सिनेटचे हे लोक आपल्यातूनच काही जण व्यवस्थापन परिषदेवर पाठवतात, त्यात पदवीधरांचे २ असतात.

आता बघा, मी प्राध्यापक नाही, प्राचार्य नाही, माझी संस्था नाही. मी हळदीच्या आडतीवर हिशोब लिहितो. बायको घरी शिकवण्या घेते. पोरगं दोन वर्षांनी कॉलेजला जाईल. त्या सभागृहात आमच्यासारख्यांना जाणारा दरवाजा एकच, या १० जागांचा. परीक्षेची फी वाढली, निकाल लांबला, खेड्यातल्या पोरीला एका कागदासाठी कोल्हापूरला हेलपाटा पडला, हे तिथं उभं राहून विचारणारा माणूस या १० मधूनच आला पाहिजे, कारण बाकीचे सगळे आधीच त्या व्यवस्थेच्या आतले आहेत. ते वाईट असतात असं मला म्हणायचं नाही, पण फी भरणाऱ्या बाजूनं बोलणारा वेगळा लागतो.

या १० पैकी ५ खुल्या आणि ५ राखीव, म्हणजे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके विमुक्त, ओबीसी आणि महिला अशी एकेक. आणि मतदान आपल्या नेहमीच्या पद्धतीचं नाही. बटण नाही, शिक्का नाही. उमेदवाराच्या नावापुढं आकडा लिहायचा, पहिली पसंती १, दुसरी २, असं. बरोबरची खूण केली की मत बाद. काका म्हणाले मोजणीला बसलो तेव्हा बाद मतांचा ढीग बघून पोटात कालवलं, सगळी शिकलेली माणसं आणि टिकमार्क करून आलेली. खुल्या ५ जागांचा कोटा कसा काढतात तेही त्यांनी मांडलं. समजा वैध मतं ६,०००, तर ५ जागांत १ मिळवून ६, त्यानं भागायचं, १,००० आले, त्यात १ मिळवायचा, १,००१ चा कोटा. ज्याला तेवढी मतं तो निवडून, त्याची वरची मतं पुढच्या पसंतीला जातात, आणि सगळ्यात कमीवाला बाद झाला की त्याची मतं पण पुढं सरकतात. म्हणून नुसता १ लिहून बाहेर पडू नका, जेवढे लोक योग्य वाटतात तेवढे आकडे लिहा, पहिला पडला तरी तुमचं मत कामाला येतं. बायकोला हे इतकं आवडलं की तिनं घरी पोराला चहाच्या कपावर समजावलं, पाच कप, सहा वाटे.

काकांनी त्यांच्या कॉलेजचे दिवस पण काढले, जी.एस. (कॉलेजचा विद्यार्थी सचिव) आणि यू.आर. (विद्यापीठ प्रतिनिधी) यांच्या निवडणुकांचे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर मार्कांवर नेमणुका सुरू झाल्या. २०१६ च्या कायद्यात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका परत आल्या, २०१९ ला होणार म्हणून वेळापत्रक पण निघालं आणि पुढं ढकललं गेलं. ते बोलताना काकांचा आवाज जरा चढला. मला पटलं त्यांचं, ज्या पोरानं अठराव्या वर्षी कॉलेजात मत दिलं नाही त्याला तिशीत सिनेटचा फॉर्म भरावासा कसा वाटेल.

असो, सेंटरकडं येतो. दोघांचे मिळून १०० रुपये घेतले, स्कॅन आणि प्रिंट धरून, मला महाग वाटले नाहीत. एक स्टार कापलाय तो जागेसाठी. उभं राहायला जागा नाही, बसायला एकच स्टूल, तेही वयस्कर बाई आल्या म्हणून मी सोडलं. डिग्रीचा कागद मोठा असतो आणि त्यांचा स्कॅनर छोटा, तीनदा फिरवून घ्यावा लागला, शेवटी ताईंनी मोबाईलनं फोटो काढून साईज कमी केली. दुपारी दीड ते चार बंद. सकाळी साडेदहाच्या आत जा, अ‍ॅडमिशनच्या दिवसांत तर जाऊच नका.

फॉर्म भरून झाल्यावर पोचपावतीची प्रिंट दिली आणि ताईंनी तिच्यावर पेनानं लिहिलं, "कच्ची यादी लागली की नाव बघणे, चूक असेल तर हरकत घेणे." परवा यादी लागली. आम्ही दोघांनी रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलवर शोधली. बायकोचं नाव दोन्ही आडनावांसकट बरोबर आहे. माझं पण आहे, आणि केंद्र सांगली.