टिकाग्रेलॉर वर्षभर, की जीन तपासून क्लोपिडोग्रेल?

हार्ट अटॅकनंतर स्टेंट बसला की अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला गुठळी रोखणारी दुसरी गोळी कोणती, एवढाच प्रश्न उरतो. एक तर वर्षभर टिकाग्रेलॉर ९० मिग्रॅ दिवसातून दोनदा. नाहीतर सीवायपी२सी१९ जीन (यकृतात क्लोपिडोग्रेल सक्रिय करणाऱ्या एन्झाइमचा) तपासून, लागू पडणार असेल तर क्लोपिडोग्रेल ७५ मिग्रॅ एकदा.

ताकदीत टिकाग्रेलॉर उजवं, यात वाद नाही. ते थेट काम करतं. क्लोपिडोग्रेल यकृतात सक्रिय व्हावं लागतं, आणि जीनचा स्टार-२ किंवा स्टार-३ हा निकामी प्रकार असला की तिथेच अडतं. आपल्याकडे निम्म्याच्या आसपास लोकांत असा प्रकार असतो, त्यामुळे न तपासता ते देणं हा जुगारच.

तरीही टिकाग्रेलॉरबाबत मन खट्टू होतं ते दम लागण्यामुळे. २००९ च्या प्लेटो चाचणीत १३.८ टक्के पेशंटना धाप लागली, क्लोपिडोग्रेलवर ७.८ टक्क्यांना. फुप्फुसं ठणठणीत, तरी पेशंट रात्री उठून बसतो. कॅज्युअल्टीत ईसीजी, एक्स-रे, इको, सगळं जिथल्या तिथे. हृदयाचं पंपिंग आधीच कमी असेल तर दम गोळीचा की हार्ट फेल्युअरचा, याचा उलगडा लवकर होत नाही. पुढचं जास्त वाईट: घरचे परस्पर गोळी बंद करतात, आणि पहिल्या महिन्यात ती सुटली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. रात्रीचा डोस विसरतो तो आणखी वेगळा.

म्हणून माझा कल असा. सुरुवात टिकाग्रेलॉरच्या १८० मिग्रॅच्या पहिल्या डोसनेच, रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. जीन तपासणीचा नमुना मात्र त्याच अ‍ॅडमिशनमध्ये पाठवायचा. स्टार-२, स्टार-३ नसेल तर टिकाग्रेलॉरच्या शेवटच्या डोसनंतर २४ तासांनी क्लोपिडोग्रेल ६०० मिग्रॅ, मग रोज ७५. नेदरलँड्समधल्या पॉप्युलर जेनेटिक्स चाचणीत (२०१९) जीन बघून क्लोपिडोग्रेल दिलेला गट गुठळ्यांच्या बाबतीत मागे पडला नाही, रक्तस्राव मात्र कमी झाला.

घोळ होतो तो अ‍ॅसिडिटीच्या गोळीत. ओमेप्राझोल हेच एन्झाइम अडवतं, मग चांगला रिपोर्टही फुकट, पॅन्टोप्राझोल लिहावं. उलट टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर टिकाग्रेलॉरचा असर घटतो.

लेफ्ट मेनमध्ये (हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत) स्टेंट असेल, किंवा डायबेटिस आणि लांबलचक स्टेंट एकत्र असतील, तर दम सोसवत असेपर्यंत टिकाग्रेलॉर हलवू नये, असं वाटतं. रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा. जीन बदलत नाही, पुन्हा पैसे घालायला नकोत.