हत्यार लागेपर्यंत खरं वाटणारं लाकूड

गिटारसाठी लाकूड मागवताना मला एकवीस हजार रुपयांना फसवण्यात आलं. ज्या पद्धतीने फसवलं, ती घरी छंद म्हणून गिटार बनवणाऱ्याला हेरूनच बेतलेली आहे. आपण काम ज्या क्रमाने आणि ज्या सबुरीने करतो, त्याचाच ती फायदा घेते. माझ्यानंतर ओळखीतल्या आणखी दोघांना तसाच माल आला, म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहे.

मी पुण्यात राहतो. घराच्या मागच्या खोलीत माझं काम चालतं. याआधी इलेक्ट्रिक गिटार बनवल्या होत्या, अकूस्टिक (पोकळ अंगाची, विजेशिवाय वाजणारी) मात्र पहिलीच. तयारी नीट झाली होती: प्लायवूडचा साचा कापून घासून झाला होता, बाजूच्या पट्ट्या वाकवायला गरम पाइप बसवला होता, ६४८ मिलिमीटर स्केलची (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीची) फ्रेटची, म्हणजे स्वरांसाठी बसवायच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या जागांची, पट्टी आखून तपासली होती. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायची सोयही केली होती. पुण्यात हे करावंच लागतं. एप्रिलमधली हवा आणि जुलैमधली हवा यात लाकडाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अकूस्टिकमध्ये लाकूड मुरलेलं, म्हणजे नीट वाळून स्थिरावलेलं, असणं हीच पहिली अट असते. टॉप (गिटारची समोरची फळी) घासत घासत जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरवर आणायचा असतो. स्टीलच्या सहा तारा चढल्या की सत्तर किलोच्या वर ताण येतो. ओलं लाकूड वाळताना रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं. त्यात टॉप तडकतो, नेक (गिटारचा दांडा) पिळतो, फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात. म्हणून या कामात पैसे मोजतो ते लाकूड किती वर्षं आणि कसं वाळवलं याचे. आणि फोटोत नेमकं तेच दिसत नाही.

विक्रेत्याची ओळख समाजमाध्यमावरच झाली. मी आधी त्याच्याकडून ब्रिजचे (टॉपवर तारा अडकवायच्या पट्टीचे) दोन ठोकळे आणि आतल्या ब्रेसिंगच्या (टॉपला आतून आधार देणाऱ्या) काड्या मागवल्या. दोन्ही उत्तम निघालं; शिसवाच्या ठोकळ्याला करवत लावली तेव्हा खोलीभर गोडसर वास पसरला होता. त्यानंतर मी पूर्ण संचाबद्दल विचारलं: मागच्या भागासाठी आणि बाजूंसाठी शिसव, नेकसाठी महोगनीचा ठोकळा, फिंगरबोर्डला (नेकवरच्या, फ्रेट बसतात त्या पट्टीला) आबनूस, आणि टॉपला बाहेरून येणारं सिट्का स्प्रूस.

मी विचारलं नाही असं काही नव्हतं. ओल किती, कधी चिरलं, कुठे रचून ठेवलं, सगळं. तो म्हणाला, "दादा, वखारीत सात वर्षं पडून आहे. मी तुम्हाला मीटर लावूनच दाखवतो." आणि व्हिडिओ कॉलवर त्याने महोगनीच्या ठोकळ्यात ओल मोजणाऱ्या मीटरचे काटे रोवले. साडेआठ टक्के. आधी पूर्ण रक्कम मागितली, मी नकार दिला. अर्धी आधी, अर्धी पार्सल उघडून तपासल्यावर, असं ठरलं. त्याने ते लगेच मान्य केलं. या मान्यतेचा अर्थ मला फार नंतर लागला.

पार्सल आलं, उघडतानाचं चित्रण केलं, प्रत्येक तुकडा उजेडात धरून पाहिला. टॉपच्या रेषा सरळ आणि दाट, बोटाने टिचकी मारली की स्वच्छ, लांबणारा आवाज. शिसवाचा रंग गडद जांभळट तपकिरी. फिंगरबोर्ड एकसारखा काळा. ठोकळ्यात मी माझा मीटर लावला, नऊ टक्के. उरलेली रक्कम पाठवली. बिलावर एक ओळ होती: सात दिवसांत परत, हत्यार लागलेला माल परत घेतला जाणार नाही.

ही अट दिसायला रास्त आहे. पण गिटार बनवणारा कुणीही लाकूड आल्या दिवशी कापत नाही. ते खोलीत, काड्यांवर हवा खेळती राहील असं रचून, कित्येक आठवडे ठेवायचं असतं, म्हणजे ते त्या खोलीच्या हवेशी जुळतं. शिकवणारा प्रत्येक जण हेच शिकवतो आणि ते बरोबरच आहे. म्हणजे सात दिवसांची मुदत आपल्या हातून संपणार हे विक्रेत्याला आधीच ठाऊक असतं.

रचून ठेवलेल्या शिसवाच्या फळ्यांना थोड्याच दिवसांत पन्हळीसारखा बाक आला. मी फोटो पाठवले. "हवा लागतेय दादा, वरून वजन ठेवा, बसेल." फोन उचलायचा, गोड बोलायचा, रोज चौकशी करायचा. मुदत संपली तसा उत्तराला उशीर होऊ लागला.

पहिलं हत्यार लागलं ते नेकच्या ठोकळ्याला. रंधा मारून एक बाजू सपाट केली आणि ट्रस रॉडसाठी (नेकच्या आत बसून त्याला सरळ ठेवणाऱ्या सळीसाठी) सहा मिलिमीटर रुंदीची खाच पाडली. खाचेच्या तळाशी भुसा उडायला हवा तिथे तो बिटाला (खाच पाडणाऱ्या यंत्राच्या पात्याला) चिकटून येत होता. हाताला गार लागत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकळ्याला बाक आला होता, एका टोकाला पीळ होता, आणि खाच इतकी आवळली होती की आदल्या रात्री सरकून बसणारा रॉड आत जाईना.

मी त्याच ठोकळ्याच्या मधून एक चकती कापली आणि ओल मोजण्याची जुनी, खात्रीची रीत वापरली. चकती तोलली: ४६ ग्रॅम. ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या किंचित वर ठेवून, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवली: ३८ ग्रॅम. गेलेलं पाणी आठ ग्रॅम. कोरड्या वजनाने भागलं की २१ टक्के. बाहेरून नऊ, आतून एकवीस. ताजं चिरलेलं जाड लाकूड काही दिवस उन्हात ठेवलं की वरचा थर वाळतो, गाभा ओलाच राहतो. काट्यांच्या स्वस्त मीटरचे काटे जेमतेम काही मिलिमीटर आत जातात, त्यामुळे तो वरच्या थराचाच आकडा सांगतो. मीटर खोटं बोलत नव्हता, त्याचाही नव्हता आणि माझाही नव्हता. माल तसा मुद्दाम तयार केला होता.

फिंगरबोर्डचं कळायला फ्रेटच्या खाचा पाडाव्या लागल्या. करवतीचे पहिले काही फटके काळा भुसा आला. मग तपकिरी. मग जवळजवळ पिवळा. खाचेच्या भिंतीत रंगाची सीमा स्वच्छ दिसत होती, दीड मिलिमीटरच्या आसपास. फिंगरबोर्डला गोलाई देताना कडा साधारण एक मिलिमीटर उतरतात, म्हणजे गोलाई देऊनही वरून तो काळाच दिसला असता. खाच त्याहून खोल जाते, म्हणून ती बोलली. तोवर हत्यार लागलेलं होतं.

एवढं झाल्यावर शिसवाबद्दल शंका येणं भाग होतं. खऱ्या शिसवावर स्पिरिटचा बोळा फिरवला तर बोळ्यावर जांभळट रंग येतो, कारण तो रंग लाकडाच्या स्वतःच्या तेलकट अंशाचा असतो. म्हणून "रंग निघाला म्हणजे नकली" असं शिसवाच्या बाबतीत म्हणता येत नाही. आबनुसाच्या बाबतीत म्हणता येतं. माझ्या बोळ्यावर लालसर, पॉलिशसारखा रंग आला आणि पुसलेली जागा सोनेरी तपकिरी पडली. तरी माझ्या एकट्याच्या मतावर आरोप करायचा नव्हता. मिरजेला तंबोरे बनवणाऱ्या घरातले एक कारागीर ओळखीचे आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच परंपरेतले. त्यांनी फळीची कड चाकूने खरवडली, वास घेतला आणि म्हणाले, "हे शिसू आहे. उत्तरेकडचं. वरनं रंग दिलाय." पुढे बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेकडे तुकडा पाठवला, तिथे शुल्क घेऊन लाकडाची जात ओळखून देतात. अहवालही शिसूचाच आला: डालबर्जिया सिसू. मी पैसे दिले होते ते डालबर्जिया लॅटिफोलियाचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीत, कर्नाटक-केरळच्या जंगलांत वाढणाऱ्या शिसवाचे. शिसू वाईट लाकूड नाही, त्याचं फर्निचर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पण किंमत वेगळी, आणि मुख्य म्हणजे विकणाऱ्याला ते माहीत होतं. माहीत नसतं तर रंग दिला नसता.

आता टॉप. टॉप अस्सल निघाला, सिट्का स्प्रूसच, उत्तम वाळलेला. बराच काळ मला हे कोडं वाटत होतं: एवढं सगळं खोटं, मग हेच एक खरं का पाठवलं? उत्तर असं, की टॉप पार्सल उघडल्याबरोबर तपासता येतो. रेषा मोजता येतात, टिचकी मारता येते. ब्रिजचे ठोकळे छोटे, ते मी दुसऱ्याच दिवशी कापणार हे त्याला कळत होतं. जे लगेच पारखता येतं ते खरं दिलं. जे हत्याराखालीच उघडं पडतं ते खोटं दिलं. अर्धी रक्कम तपासणीनंतर घ्यायला तो इतक्या सहज का तयार झाला, तेही याच्यातच आलं.

मी सगळे पुरावे पाठवले. पहिलं उत्तर: "लाकूड नैसर्गिक आहे, हलणारच." दुसरं: "तुम्ही हत्यार लावलंत." तिसरं उत्तर आलंच नाही, नंबर बंद. पैसे ज्या यूपीआय खात्यावर गेले ते वेगळ्याच नावाचं होतं. सायबर फसवणुकीसाठी १९३० वर फोन केला, तक्रार नोंदवली. माल प्रत्यक्ष मिळालेला असल्यामुळे हा मुख्यतः ग्राहक तक्रारीचा विषय आहे, असं मला तिथे सांगितलं गेलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ऑनलाइनही दाखल होते. गरज पडल्यास आयोग वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून एकही तुकडा फेकू नका. माझ्या प्रकरणाचा निकाल अजून लागायचा आहे.

आता मी खरेदी कशी करतो ते सांगतो. पैसे देण्याआधी लेखी कबूल करून घेतो, की टोकाची दहा मिलिमीटरची पट्टी चाचणीसाठी कापली तर ते 'हत्यार लागलं' असं धरलं जाणार नाही. नेकच्या ठोकळ्यासाठी शक्यतो टोकाची नव्हे, थोडी आतली चकती मागतो, कारण टोकं लवकर वाळतात. विक्रेत्याने ती पाठवण्याआधी कापून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून द्यायची. खऱ्या मालाच्या दुकानदाराला यात काही अडचण येत नाही, असा माझा अनुभव आहे. एकाने तर स्वतःहून दोन चकत्या दिल्या. बिलावर लाकडाचं शास्त्रीय नाव लिहून घेतो. फिंगरबोर्डच्या खालच्या बाजूला, जिथे पुढे सरसच लागणार आहे, तिथे दोन मिलिमीटर खोल भोक पाडू देण्याची परवानगी मागतो. भुशाचा रंग लगेच कळतो. आणि मुदत सात दिवसांची असेल तर तीस मागतो. कारणही सांगतो: लाकूड खोलीत मुरवायचं आहे.

ज्यांना हे काही मान्य करून घेणं जमत नसेल त्यांनी निदान वजनकाटा वापरावा. स्वयंपाकघरातला, एक ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. माल आला त्या दिवशी प्रत्येक तुकडा तोला आणि तारखेसह फोटो काढा. मग दर दोन दिवसांनी तोला. २० टक्के ओल असलेला किलोभराचा ठोकळा १२ टक्क्यांवर येईपर्यंत सुमारे ६७ ग्रॅम गमावतो. जाड ठोकळा हळू वाळतो, पण पहिल्या पाच-सहा दिवसांतला उतारही काट्यावर स्पष्ट दिसतो, आणि त्यासाठी हत्यार लावावं लागत नाही. खरोखर मुरलेल्या लाकडाचं वजन कोरड्या दिवसांत थोडंफार हलतं, पण असं घसरत जात नाही. मुरलेलं लाकूड पावसाळ्यात उलट थोडं जड होतं. जुलैत, आर्द्रता कमी ठेवायची सोय नसलेल्या बंद खोलीत ठेवलेला ठोकळा हलका होत असेल तर शंकेला जागाच उरत नाही.

तुमच्याकडे असा एखादा संच न कापता पडून असेल आणि विक्रेता सात वर्षं, दहा वर्षं जुन्या मालाचा हवाला देत असेल, तर रंधा बाजूला ठेवा आणि आधी तुकडे तोलून घ्या. वजन उतरत असेल तर त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवा, फोनवर बोलून थांबू नका. बिल, चॅट, पार्सल उघडतानाचं चित्रण आणि यूपीआयची पावती एका जागी ठेवा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जाता येतं.